हुशार नको

लॅमिंग्टन रोडला, देढियाच्या दुकानात
काचेखाली पाच मांडलेले,
साबणाच्या डबीत मावतील एवढे.
"लेक्चरसाठी? मुलगा कितवीला?"
म्हटलं, मलाच हवाय. एलएलबी करतेय, संध्याकाळचं.
त्यानं चष्मा वर सरकवला,
मग स्टूल पुसून पुढे केलं.

भाचा म्हणाला होता, मावशी, मोबाईलमध्ये असतंच की.
असतं. पण मोबाईलमध्ये आईही असते,
ऐन कलमाच्या मध्यावर विचारते,
गवार निवडून ठेवू का.

देढिया सांगत होता :
हा बत्तीस तास चालेल. हा लांबचं ओढतो.
ह्याला दोन माइक, शेवटच्या बाकावरही
सर कानात बोलतायत असं वाटेल
(नको रे बाबा).
आणि हा बघा, हा हुशार आहे.
कुणी बोललं की आपोआप चालू,
गप्प झालं की बंद.
रिकामं काही भरतच नाही.
बॅटरी वाचते, ऐकायचा वेळ वाचतो.

मी तो तळहातावर घेऊन पाहिला. हलका होता.

एकोणीस वर्षं धोबीतलावला, लघुवाद न्यायालयात
मी हेच यंत्र आहे.
मिनिटाला शंभर शब्द, सर्टिफिकेट आहे घरी.
भाडेकरू, घरमालक, पागडी, गळकी मोरी,
काना-मात्रेचा फरक न करता उतरवलं सगळं.
साहेब बोलले की पेन्सिल चालू,
साहेब थांबले की पेन्सिल वर, हवेत.
एकदा एका म्हाताऱ्याला वकिलांनी विचारलं,
ही सही तुमचीच ना?
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
खूप वेळ. कबुतर. कुणाच्या तरी चपला.
मग म्हणाला, हो.
माझ्या वहीत तो प्रश्न आणि ते हो
एकाला एक चिकटून आहेत.
मधलं कसं लिहायचं
ते शंभरच्या कोर्सला नव्हतं.

आणि लिहिताना ऐकू येत नाही, हे कुणाला सांगू?
शब्द कानातून शिरतो, मनगटातून निघून जातो,
मध्ये कुठे टेकत नाही.
आज काय झालं कोर्टात, असं घरी कुणी विचारलं
तर आठवतं फक्त साहेबांनी पाणी मागितलं ते.
हल्ली मनगटही रात्री जागं असतं.
डॉक्टर म्हणाले, विश्रांती द्या.
कुणाला, ते नाही म्हणाले.

"हुशार नको," मी म्हटलं,
"जो मध्येच डोळा लावत नाही तो द्या."
देढियानं खालच्या खणातून जुनं मॉडेल काढलं.
"ह्यात पंख्याचा आवाज येईल हां, मॅडम."
येऊ दे.
चारशे कमी केले, सेल फुकट दिले.

सोमवारी पुरावा कायदा.
बाकावर रेकॉर्डर ठेवला, लाल ठिपका लागला,
आणि हात मोकळे. त्यांचं काय करायचं कळेना.
उजवा आपला मांडीवर, ओढणीआड,
सवयीनं रेघा ओढत बसला.
मी त्याच्यावर डावा ठेवला.

हेबळे सर म्हणाले,
एखाद्यावर तोंडावर आरोप झाला आणि तो गप्प राहिला,
तर ते गप्प राहणं पुरावा धरायचं का?
यादीवरून बोट फिरवलं :
पेडामकर, तुम्हाला काय वाटतं?

तुम्हाला. काय. वाटतं.
पेन्सिल नव्हती वर धरायला.

ती फाइल आहे अजून.
सरांचा प्रश्न, मग पंखा,
मागे कुणीतरी सॅकची चेन ओढतं,
खाली रस्त्यावर एक बस वळते,
पंखा.
अकरा सेकंद. मोजलेत.
मग एक बाई घसा खाकरते.